हाडाचे प्रश्न : सिरॅमिकवर हातोडा मारतात का?

ऑगस्टमध्ये मला बहुधा मनगटाची पत्रं येतात. ओल्या फरशीवर घसरायचं, हात टेकायचा आणि मनगट मोडायचं, हा पुण्याचा वार्षिक कार्यक्रम आहे. या खेपेला मात्र गठ्ठ्यात खुब्याची पत्रं निघाली आणि बहुतेक सिरॅमिकवरची. मनगटवाल्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ४६) करोनात स्टेरॉइड द्यावी लागली होती. दीड वर्षाने दोन्ही खुबे दुखायला लागले. एमआरआयमध्ये रक्तपुरवठा बंद पडून मांडीच्या हाडांचे वरचे गोळे खराब झाल्याचं निघालं. आता उजव्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि डॉक्टर सिरॅमिकचा सांधा बसवू म्हणतात. शेजारच्या काकूंचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा त्या जाग्या होत्या. त्या सांगतात, ‘आत सुतारकाम चाललं होतं, मी घाव मोजत होते.’ सिरॅमिक म्हणजे शेवटी कपबशीच ना? तिच्यावर हातोडा मारतात? ती फुटत नाही? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : काकूंनी ऐकलं ते खरं. कमरेतून भूल दिली की पाय बधिर होतात, कान नाही. म्हणून मी आता रुग्णाला कानाला लावायला गाणी देतो. तरी काही जण गाणी काढून हातोडा ऐकतात, त्याला इलाज नाही.

पण काकूंनी मोजलेले घाव जवळजवळ सगळे हाडावरचे आणि धातूवरचे होते. खराब झालेला गोळा कापून काढला की खुब्याची वाटी साफ करायची असते. त्याचं हत्यार किसणीसारखी भोकं असलेली अर्धगोल वाटी असते, ती मशीनवर फिरते. मग त्या जागेपेक्षा किंचित मोठा धातूचा कप आत ठोकून बसवतात. हाड त्याला आवळून धरतं. तो पूर्ण बसला की हातोड्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. मांडीच्या हाडाच्या पोकळीतही एकाहून एक मोठ्या कानशी ठोकत जावं लागतं आणि शेवटी धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, बसतो. सुतारकाम म्हणायचं तर ते हे. सिरॅमिकच्या वाट्याला साधारण दोनच घाव येतात, एक कपच्या आत बसणाऱ्या सिरॅमिकच्या वाटीवर आणि एक स्टेमवर बसणाऱ्या गोळ्यावर. तेही प्लॅस्टिकच्या टोकाच्या दांड्यावरून. धातूचा हातोडा सिरॅमिकला थेट कधीच लागत नाही.

कपबशीचं म्हणाल, तर ती मातीची. हा गोळा ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, अतिशय शुद्ध पुडीचा असतो. ती दाबून, चौदाशे अंशांच्या आसपास भाजून घट्ट करतात. फ्रान्समध्ये पिएर बुताँ या सर्जनने १९७० मध्ये असा सांधा पहिल्यांदा बसवला. तेव्हाचे गोळे तुटायचे, हेही खरं. आज बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा गोळा गुलाबी-जांभळट दिसतो. त्यात ॲल्युमिनाबरोबर सुमारे सतरा टक्के झिर्कोनिया असतं. भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले झिर्कोनियाचे कण फुगतात आणि भेग तिथल्या तिथे चिमटली जाते. रंग आहे तो थोड्याशा क्रोमियमचा. लक्ष्मी रोडवर सराफाकडे मिळणारं माणिकही मुळात ॲल्युमिनाच आणि त्याची लाली क्रोमियमचीच. हे सांगितल्यावर एका आजोबांनी विचारलं होतं, ‘म्हणून एवढी किंमत लावता का?’

आता तुमचा खरा प्रश्न, फुटतं का. इंग्लंड-वेल्समध्ये बसवलेल्या कृत्रिम सांध्यांची नोंद राष्ट्रीय वहीत होते. त्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या गुलाबी सिरॅमिकचे सुमारे ७९ हजार गोळे होते, त्यांतले ७ तुटले. आधीच्या पिढीतल्या शुद्ध ॲल्युमिनाच्या सुमारे ३२ हजार गोळ्यांपैकी ३८ तुटले होते. म्हणजे गोळ्यात फार मोठी सुधारणा झाली. पण मी त्या तक्त्यात वाट्यांच्या ओळीवर थांबलो. कपच्या आत बसणारी सिरॅमिकची वाटी, आम्ही तिला लायनर म्हणतो, नव्या सिरॅमिकची ८० हजारांत १०१ तुटली. जुन्या सिरॅमिकच्या वाट्यांचं प्रमाणही जवळजवळ तेवढंच होतं. दोन्हीकडे हजाराला एकाच्या आसपास.

माल सुधारला, गोळा सुधारला, वाटी जिथल्या तिथे. याचा अर्थ मी माझ्या अनुभवावरून असा लावतो की वाटीचं नशीब भट्टीपेक्षा बसवणाऱ्याच्या हातात जास्त आहे. तो अनुभव सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार होता, दिवसातली तिसरी केस. रुग्ण बाई अंगाने भरलेल्या, जखम खोल, उजेड तोकडा. मी सिरॅमिकची वाटी कपमध्ये ठेवली, समोरच्या काठावरून बोट फिरवलं, सपाट लागलं, ठोकली. संध्याकाळी एक्स-रे पाहिला तर वाटी आणि कप यांच्यामध्ये एका बाजूला काळी फट, नखाच्या कोरेएवढी. वाटी तिरकी बसली होती. खालच्या-मागच्या काठाशी सांध्याच्या आवरणाचा एक पापुद्रा अडकला होता, आणि नेमकं तिथपर्यंत माझं बोट गेलं नव्हतं. तिरक्या वाटीचा सगळा भार काठाच्या एका बिंदूवर येतो. आज ना उद्या ती तडकली असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं आणि नवी वाटी घातली. त्यांच्या मुलाने एकच विचारलं, ‘काल दिसलं नाही का?’ मी म्हटलं, ‘बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही.’ बाई बऱ्या झाल्या, अजून तळजाईला फिरायला जातात. मी दिसलो की हात करतात, मलाच अवघडल्यासारखं होतं.

त्यानंतर आमच्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरांनी स्वतःहून एक शिस्त लावली. वाटी ठोकायचा दांडा मी मागितला की त्या तो हातात धरून ठेवतात आणि विचारतात, ‘सर, बारा वाजले?’ म्हणजे घड्याळाच्या बाराही आकड्यांवरून बोट फिरलं का. त्याआधी कप आतून धुऊन कोरडा करायचा, काठावर हाडाचा कण किंवा मांस नाही हे बघायचं, कपमधून हाडात गेलेल्या स्क्रूचं डोकं वर राहिलेलं नाही हे तपासायचं. वाटी बोटांनीच सरळ ठेवायची. काठ सगळीकडे सारखा लागला तरच ठोकायची. तिरकी वाटली तर ‘एक घाव घालू, बसेल’ हा विचार सर्वांत घातक. तिरक्या वाटीवर घाव घातला की ती तिरकीच रुतते, नाहीतर काठाचा टवका उडतो. अशा वेळी कपच्या काठावर टिचक्या मारल्या की वाटी सुटून येते. एकदा ठोकून काढलेली सिरॅमिक वाटी मी परत वापरत नाही, कितीही नवी दिसली तरी.

भावाच्या डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा. सिरॅमिकचा सांधा म्हणजे नुसता गोळा सिरॅमिकचा आणि वाटी सुधारित प्लॅस्टिकची, की दोन्ही सिरॅमिकचं? बोलताना दोन्हींना ‘सिरॅमिक’च म्हणतात. साठीच्या पुढच्या बहुतेकांना मी सिरॅमिक गोळा आणि प्लॅस्टिक वाटी सुचवतो. ती जोडी बसवताना चुकीला थोडी माफी असते. शेहेचाळिसाव्या वर्षी दोन्ही सिरॅमिकचा विचार योग्य आहे, कारण झीज अगदी कमी. पण मग हे काम ते नेहमी करतात का, हेही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : मी भोसरीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. सौ.च्या खुब्याचं ऑपरेशन झालं, एक्स-रे बघितला, तर गोळा आणि दांडा यांच्यात ना स्क्रू, ना पिन, ना चावी. डॉक्टर म्हणाले, ‘टेपरवर बसवलाय.’ लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिलची स्लीव्ह बसते तसं का? आणि हा सिरॅमिकचा गोळा म्हणे भट्टीत भाजतात, त्यात काही चुकत नाही? आम्ही टेपर पुसल्याशिवाय कधी लावला नाही. तिथे तर रक्त असतं. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : काका, तुमचं पत्र मी आमच्या रेसिडेंट डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं दोनदा.

तत्त्व तेच. टेपर म्हणजे टोकाकडे निमुळता होत गेलेला दांडा. तुमचा लेथवरचा मोर्स टेपर साधारण तीन अंशांचा. आमच्याकडे जो सर्रास असतो त्याला १२/१४ म्हणतात, एका टोकाला बारा मिलिमीटर, दुसऱ्याला चौदा, कोन साडेपाच अंशांच्या थोडा वर. गोळ्याला आतून तसंच निमुळतं भोक असतं. ठोकला की घर्षणावर धरतो आणि प्रत्येक पावलागणिक भार पडून टिकून राहतो.

फरक मालाचा. तुमच्या स्लीव्हमध्ये धातूचा एखादा कण राहिला तर ड्रिल डुगडुगेल, होल मोठं पडेल, साहेब ओरडेल. इथे गोळा सिरॅमिकचा आहे. त्याला दाबाचं काही वाटत नाही, ताणाचं वाटतं. पाथरवट दगड कसा फोडतो? घण घालून नाही, पाचर ठोकून. आणि टेपर म्हणजे पाचरच. कोरडा, स्वच्छ टेपर गोळ्याला आतून सगळीकडे सारखा रेटतो, तेवढा ताण गोळा सहज घेतो. पण मध्ये हाडाचा एक कण, इम्प्लांट चिकटवायच्या सिमेंटचा एक खडा राहिला तर सगळा रेटा त्या जागी एकवटतो. गोळा लगेच फुटत नाही. काही वर्षांनी जिना उतरताना फुटतो. चरबी आणि रक्त म्हणजे आमचं तेल. त्याने टेपर नीट धरत नाही आणि गोळा सूक्ष्म हलत राहतो.

म्हणून आमच्याकडे हे असं चालतं. आधी प्लॅस्टिकचे ट्रायल गोळे लावून पायाची लांबी आणि सांध्याचा घट्टपणा बघतो. हे खऱ्या गोळ्याने कधीच करायचं नाही. ट्रायल काढला की टेपर सलाईनने धुवायचा, धागे न सुटणाऱ्या कोऱ्या कापडी घडीने पुसायचा, दिव्याखाली सगळीकडून बघायचा. याच वेळी बाजूच्या जखमेतून रक्ताचा एक ओघळ हमखास येतो, अगदी ठरवल्यासारखा. मग परत पुसायचा. सिस्टर खऱ्या गोळ्याची पेटी तोवर उघडत नाहीत. गोळा हाताने सरळ ठेवून, किंचित फिरवून दाबायचा. मग स्टेमच्या मानेच्या रेषेत एक ठाम घाव. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून निदान ४ किलोन्यूटन जोर सांगितला जातो, म्हणजे चारशे किलो वजनाच्या रेट्याइतका. नवशिके सिरॅमिक म्हणून भीतभीत टुकटुक करतात, तेही चूकच. टेपर अर्धवट धरला तर पुढे घासत राहतो.

तुम्हाला एक गंमत सांगतो. तुम्ही टेपर आरशासारखा ग्राइंड केला असता. आमच्या स्टेमच्या टेपरवर मुद्दाम बारीक आट्यांसारख्या रेघा ठेवलेल्या असतात. घाव बसला की त्या रेघांची टोकं जराशी चेपतात आणि भार वाटून घेतात. त्याचा दुसरा अर्थ असा की एकदा गोळा लागून निघालेला टेपर पहिल्यासारखा राहत नाही. पुढे कधी नुसता गोळा बदलायची वेळ आली तर जुन्या टेपरवर नवा साधा सिरॅमिक गोळा ठोकत नाहीत, मध्ये टायटॅनियमची बाही असलेला खास गोळा घेतात. आणि १२/१४ लिहिलंय म्हणून या कंपनीचा गोळा त्या कंपनीच्या स्टेमवर, हेही नाही. आकडे तेच असले तरी लांबी, कोन, रेघा वेगळ्या असतात. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. एका खरेदी-अधिकाऱ्याला मात्र मला ते तीनदा सांगावं लागलं होतं.

भट्टीबद्दलही विचारलंय तुम्ही. एका फ्रेंच कंपनीने झिर्कोनियाचे गोळे भाजायची पद्धत १९९८ मध्ये बदलली. आधी घाणा घालून भाजायचे, मग सरकत्या पट्ट्याच्या बोगदाभट्टीत भाजू लागले. माल तोच, मापं तीच. पण त्यातल्या काही घाण्यांचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. ‘प्रोसेस बदलली तर पहिल्यापासून तपासा’ असं तुम्ही लोक भिंतीवर लावता ना, ते.

ओटीत खाली पडलेला गोळा वापरायचा नाही, ओरखडा दिसो न दिसो. गरम गोळा गार पाण्यात घालायचा नाही, काचेच्या ग्लासाचं होतं तेच होईल. आणि शेवटी गोळा वाटीत सरकवताना तो कपच्या धातूच्या काठावर घासू द्यायचा नाही. घासला तर त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी रेघ उठते. ती सिरॅमिकवर चिकटलेल्या धातूची असते आणि तेवढा भाग मग गुळगुळीत राहत नाही.

सौं.ना नमस्कार सांगा. त्यांचा गोळा कसा बसवला हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला तुम्ही जाणार, हे दिसतंच आहे. जा.

प्रश्न : आईला (वय ५८) चार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी सिरॅमिक असलेला सांधा बसवला. दुखत नाही, पण अलीकडे वाड्याचा जिना चढताना खुब्यातून दार कुरकुरल्यासारखा आवाज येतो. ती म्हणते, ‘वाड्याचा आणि माझा आवाज एकच.’ काळजी करावी का? — नारायण पेठ

उत्तर : घाबरू नका, पण एक्स-रे काढा. सिरॅमिकवर सिरॅमिक असलं की काही जणांत असा आवाज येतो, प्लॅस्टिक वाटी असली तर सहसा नाही. दोन पृष्ठभागांमधली ओलाव्याची पातळ फिल्म तुटली की ते कंप पावतात, ओल्या काचेवर बोट घासावं तसे. पुष्कळदा मागे कारण असतं कपच्या कोनाचं. आडव्या रेषेशी सुमारे चाळीस ते पंचेचाळीस अंश आणि पुढच्या बाजूला पंधरा ते वीस अंश, असं साधारण आम्ही धरतो. कप फार उभा बसला तर गोळा वाटीच्या काठावर टेकतो आणि काठ झिजतो. कोन ठीक असेल आणि दुखत नसेल तर वर्षाला एक एक्स-रे पुरे.

कुरकुर वेगळी आणि करकर वेगळी. वाळू चावल्यासारखा आवाज आला, किंवा चालताना अचानक ‘कट्’ होऊन दुखायला लागलं, तर त्याच दिवशी जायचं. जिना चढायचा नाही, रिक्षाने जायचं.

प्रश्न : सिरॅमिकचा खुबा असल्यावर एमआरआय चालतो का? लोहगाव विमानतळावर वाजेल का? — कोथरूड

उत्तर : चालतो, मशीनवाल्यांना आधी सांगा, फोटोत खुब्याजवळचा भाग थोडा धूसर येईल. विमानतळावर वाजू शकेल, कारण गोळा सिरॅमिकचा असला तरी स्टेम आणि कप धातूचेच आहेत. मॉलच्या दारातही वाजेल, पण तिथे कोणी लक्ष देत नाही.

प्रश्न : वडिलांचं २००९ मध्ये ऑपरेशन झालं. आता आम्ही हडपसरला घर बदलतोय. त्यांची जाडजूड फाइल ठेवायची का टाकायची? सगळं उत्तम चाललंय. — हडपसर

उत्तर : बिलं, जेवणाचे तक्ते, रक्ताचे जुने रिपोर्ट टाका. ऑपरेशन नोट आणि तिच्यामागे चिकटवलेले चार-पाच छोटे स्टिकर मात्र टाकू नका. प्रत्येक भागाचं नाव, माप आणि लॉट नंबर त्यावर असतो.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. गोळा तुटलेला. ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेलं, फाइल वाळवीने खाल्लेली. एक्स-रेवरून कंपनी आणि टेपर ओळखायला आम्हाला चार दिवस लागले, तोवर ते खाटेवर. ओळखायची गरज होतीच, कारण स्टेम पक्का होता आणि तो ठेवायचा तर त्याला जुळणारा गोळा हवा. शिवाय सिरॅमिक तुटल्यावर तिथे धातूचा गोळा बसवता येत नाही. कितीही धुतलं तरी सिरॅमिकची कच आत राहते आणि ती धातूला पॉलिश पेपरसारखी खाते. मग धातूचा कीस सांध्यात आणि त्या धातूतलं कोबाल्ट रक्तात जातं. त्या जागी पुन्हा सिरॅमिकचाच गोळा लागतो, जुन्या टेपरसाठी बाहीचा, म्हणून टेपर कुठला ते कळायला हवं.

तेव्हा स्टिकरचा स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि तो तुमच्या व बहिणीच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराच्या करारपत्राशेजारी ठेवा. लॅमिनेट करू नका, उष्णतेने छापलेले स्टिकर त्यात काळे पडतात. लॉट नंबर पहिला जातो.